पूर्णेचा उतार

त्या वर्षी हिंगोलीच्या छावणीत पायगाड्या आल्या.
पाच. भुश्शात गाडलेल्या, लाकडी खोक्यांतून,
बैलगाडीत बसून आल्या त्या.
साहेबाला बघायचं होतं, घोडा न दमवता, तारेला न शिवता
जालन्याचा कागद किती घंट्यांत येतो.

आम्ही हरकारे. पाय होते म्हणून आम्हालाच धरलं.
जालन्याहून दस्तगीर, वाटूरला लिंबाजी,
मंठ्याला सटवा, जिंतूरच्या नाक्यावर मी, हैबती,
आणि औंढ्याला नागोराव, ज्याला अजून उतरणं जमत नव्हतं;
तो बाभळीला धडकून थांबायचा.

मी काठीचे घुंगरू सोडून दांड्याला बांधले.
घुंगरावाचून कुत्री ओळखत नाहीत,
आणि लांडग्याला तरी कसं कळावं
सरकारी माणूस चाललाय म्हणून.

दुपार कलताना सटवा आला.
मागच्या चाकात हवा नव्हती. काट्यांनी रबराची चाळण केलेली,
आत त्यानं कडबा कोंबला होता, पागोट्याची चिंधी कोंबली होती.
थैली माझ्या गळ्यात घातली. लाखेची मोहर दाखवली, शाबूत.
मग गुडघ्यांवर हात टेकून म्हणाला,
"आनखी एक हाय. तोंडी."

पहाटे जालन्यात कुण्या बाईनं
दस्तगीरची गाडी धरून ठेवली होती:
हिंगोलीच्या नन्हेखाँ नालबंदाला सांग,
तुझ्या बहिणीचा राग गेला. ये.
लिंबाजीनं त्यात घातलं, चुलीवर भाकर आहे.
"म्या काई नाई घातलं," सटवा म्हणाला,
"निस्तं लवकर म्हन्लो."

पूर्णेला थैली डोक्यावर, पायगाडी खांद्यावर.
इथवर ती मला घेऊन आली होती.
पाणी कंबरेला लागलं तेव्हा कागदाची भीती नव्हती,
त्याला मेणकापड होतं.
मी तोंडातलं सांभाळत होतो.
राग गेला, भाकर आहे, लवकर ये,
राग गेला, भाकर आहे,
पोर दुकानाला जाताना
हळद-मीठ हळद-मीठ घोकत जातं तसं.

औंढ्याला नागोरावला सांगताना
माझ्याही तोंडून निघून गेलं:
पूर्णेला पाणी कंबरेएवढं आहे, पण उतार आहे,
दोन करंजांच्या मधून.

रात्री नऊच्या ठोक्याला कागद पोचला. अठरा घंटे.
मुन्शीनं मोहर फोडून दिव्याखाली धरला.
आत एकच ओळ:
हा कागद पोचेल ती वेळ नोंदवून ठेवावी.
खाली सही.
साहेब खूश. पाचांत मिळून दहा रुपये, हाली.
पुढच्या पावसाळ्यात पायगाड्या गोदामात गंजल्या
आणि घुंगरू मी परत काठीला बांधले.

पण त्याआधी, चौथ्याच दिवशी,
जिंतूरच्या नाक्यावर एक माणूस आला.
खांद्यावर पडशी, हातांवर भाजल्याचे जुने डाग,
पायजम्यावर गाळाची रेघ, बरोबर कंबरेपाशी.
"करंज सापडले," म्हणाला.
मी गूळ-पाणी पुढं केलं. तो बसेना.
"एक सांग हैबती. मला बहिणी दोन.
एक कदीम जालन्यात, एक नदीच्या पल्याड.
दोघींचं तोंड बघून आठ वर्सं झाली.
कोणचीचा राग गेला?"

नाव.
दस्तगीरनं अंधारात ऐकलंच नसेल,
की लिंबाजीनं भाकरीला जागा करताना सांडलं,
की माझ्याकडूनच, मधल्या धारेत,
घुंगरू भिजून मुके झाले तेव्हा.
मोहरेवर मात्र मी थेंब पडू दिला नव्हता.

"ठावं नाही, बाबा," मी म्हणालो.

त्यानं जोडा काढला, खडा झटकला, परत घातला.
"मग आधी पल्याडची," म्हणाला,
"तिचा राग लई मोठा.
तिच्याकडं चूल पेटली नसली
तर दुसरीकडं जेवीन."

आणि मंठ्याच्या रस्त्याला लागला, पायीच.